आलं का ॲक्सिलरेशन?

कॉम्प्युटर नीट चालला तर त्याचा किस्सा होत नाही. सकाळी चालू केला, दिवसभर चालला, संध्याकाळी बंद केला, यात सांगण्यासारखं काय आहे? किस्सा व्हायचा तर आधी तो बिघडावा लागतो. नुसता बिघडूनही भागत नाही, दुरुस्त करायला चार शहाणी माणसं जमावी लागतात. आमच्याकडे दोन्ही गोष्टींची टंचाई कधीच नव्हती. त्यामुळे लग्नात, बारशात, कुठेही दोन खुर्च्या शेजारी लागल्या की लोक म्हणतात, "भाऊ, ते तुमचं गणपतीचं सांगा." मी सांगतो. दर वेळी थोडं वाढतं, हे कबूल. पण वैताग मात्र झाला तेवढाच सांगतो, त्यात एक कणही पदरचा नाही.

शतक संपायला आलं होतं. पेणला रामवाडीत पिठाच्या गिरणीच्या माडीवर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. आमचा म्हणजे माझा आणि रमेश म्हात्रेचा. म्हात्रे प्रोग्रॅम लिहायचा आणि मी बोलायचो. खाली गिरणी सुरू झाली की वर कीबोर्ड टेबलाच्या कडेकडे चालू लागायचा आणि विद्यार्थी टाइप करता करता खुर्ची सरकवत त्याच्या मागे जायचे. तासाच्या शेवटी सगळा वर्ग दाराजवळ जमलेला असायचा, त्यामुळे घरी जायला सोपं पडायचं.

एक दिवस मी नको तिथे बोललो. गणपतीच्या कारखान्याचे मालक नाना परदेशातल्या मंडळांना मूर्त्यांचे फोटो पाठवायचे. मी म्हटलं, "नाना, फोटो कसले पाठवता? आम्ही सीडी करून देतो. बटण दाबलं की मूर्ती पडद्यावर फिरेल."

"फिरेल?"

"गरागरा."

नानांनी हातातली कोरणी खाली ठेवली. "पाडव्याला आणून दाखवा," म्हणाले.

ही बातमी म्हात्रेच्या घरी पोचली. त्याचे वडील बापू, सगळा जन्म मिठागरात गेलेला माणूस. पोराने उन्हात उभं राहू नये म्हणून त्यांनी धाटावच्या एका केमिकल कंपनीत त्याच्यासाठी जागा बोलून ठेवली होती. ते म्हणाले, "पाडव्यापर्यंत त्या डब्यातनं काय निघतंय ते बघू. नाय निघालं तर दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या बसला चढायचं."

म्हणजे मी फिरवायला निघालो गणपती आणि टांगला गेला म्हात्रे.

*

म्हात्रेने कुठूनतरी मल्टिमीडियाची एक लायब्ररी मिळवली होती. पुस्तकांची नव्हे, तयार प्रोग्रॅमचा गठ्ठा. आपण तिला सांगायचं, मूर्ती काढ, उजेड पाड, फिरव. बाकीचं ती बघते. थोडक्यात, मुकादम. आणि कुठल्याही मुकादमासारखी ती आधी विचारते की जड उचलायला गडी आहे का. हा गडी म्हणजे ग्राफिक्सचं कार्ड. तो असला तर सगळं ओझं त्याच्या डोक्यावर. नसला तर तेच ओझं बिचाऱ्या प्रोसेसरच्या डोक्यावर, ज्याला आधीच घरची कामं थोडी नसतात.

आमच्याकडे गडी नव्हता. त्यामुळे प्रोग्रॅम सुरू केला की आधी पडद्यावर एक चौकट यायची. इंग्रजीत लिहिलेलं असायचं की हार्डवेअर ॲक्सिलरेशन उपलब्ध नाही. आणि खाली एकच बटण, ओके.

त्या ओकेने माझं डोकं जेवढं उठवलं तेवढं घरच्यांनीही उठवलं नसेल. नाही म्हणतोस तर म्हण बाबा, पण वर माझ्याकडून कबूल कशाला करून घेतोस? आणि कबूल नसलं तर दाबायला दुसरं बटण कुठे आहे?

ओके दाबलं की मूर्ती फिरायला लागायची. लागायची असं म्हात्रे म्हणायचा. मला ती उभीच दिसायची. मी विचारलं, "हलतेय का रे?"

"भाऊ, चहा पिऊन या."

खाली जाऊन चहा प्यायलो, पानवाल्याशी राजकारण बोललो, परत आलो. सोंड थोडी डावीकडे सरकली होती.

म्हात्रे म्हणाला, "बघा. तुम्ही उगाच तिच्याकडे टक लावून बसता."

*

आता इक्बाल. इक्बाल रोह्याचा. तिथे त्याचं टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान होतं आणि आमच्या मशीनची पोटंही तोच उघडायचा. तो म्हणाला कार्डाची काळजी करू नका, भाई दुबईला आहे, पाठवेल. काही आठवड्यांनी समोरच्या एसटीडी बूथवर त्याचा फोन आला की कार्ड आलंय, पण तुम्ही स्वतः या. त्या 'पण'कडे मी लक्ष दिलं नाही. स्कूटर काढली, कोलाडला भजी खायला मुद्दाम वळसा घातला आणि रोह्याला पोचलो.

इक्बालच्या घरात भिंतभर शोकेस होतं. भाईने पाठवलेलं सगळं त्यात. अत्तरं, घड्याळं, सोनेरी काठाचा डिनर सेट, टाळ्या वाजवणारं माकड. आणि मधोमध, प्लेट उभी करायच्या स्टँडवर, आमचं ग्राफिक्स कार्ड.

इक्बालच्या अम्मी, म्हणजे आमच्या चाची, शेजारणींना ते दाखवत होत्या. "ही खालची नक्षी सोन्याची हाय. दुबईला आता घराघरात ठेवतात."

इक्बाल हळूच म्हणाला, "अम्मी, ते मशीनमध्ये घालायचं असतं."

"मशीनमध्ये घातलं तर दिसणार कुणाला?"

मी सगळं कसब पणाला लावलं. सांगितलं की चाची, हे गणपतीच्या कामाला हवंय, एका पोराच्या पोटाचा प्रश्न आहे. चाचींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग गणपती इकडे आणा. जागा करते."

शेवटी चाची नमाज पढायला आत गेल्यावर इक्बालने दुकानातलं एक मेलेलं मोडेम कार्ड आणून स्टँडवर ठेवलं आणि आमचं कार्ड माझ्या पिशवीत सरकवलं. मी रोह्याची हद्द ओलांडेपर्यंत मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बूथवर इक्बालचा फोन आला. चाचींनी एका नजरेत ओळखलं होतं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, बदललंस ते बरं केलंस. ह्याला भोकं जास्त हायत."

*

कार्ड बसवायला इक्बालने मशीन उघडलं. आतून इतकं पीठ निघालं की गिरणीचे मालक, म्हणजेच आमचे घरमालक, पांडुशेठ वर येऊन बघून गेले आणि ते गिऱ्हाइकाचं आहे की त्यांचं, हे विचारून गेले. कार्ड बसलं. मशीन चालू केलं. चौकट हजर, उपलब्ध नाही, ओके.

इक्बालने शोधत शोधत कंट्रोल पॅनेलच्या पोटात एक पट्टी काढली. तिच्या एका टोकाला लिहिलं होतं 'काही नाही' आणि दुसऱ्या टोकाला 'पूर्ण'. वरचा खटका 'काही नाही'वर बसलेला. म्हात्रेने तो ओढून पूर्णवर नेला, आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि आनंदात जेवायला गेलो.

जेवून आलो तर खटका पुन्हा 'काही नाही'वर.

पुन्हा पूर्णवर नेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा खाली. मग व्हायरस शोधला. मग सगळं पुसून पुन्हा भरलं. इक्बालने कार्ड काढून, पुसून, फुंकून परत बसवलं. आम्ही सकाळी खटका वर न्यायचा आणि दुपारी तो खाली यायचा, जसं काही त्यालाही वामकुक्षी लागते.

शेवटी एका दुपारी मी जेवायला गेलोच नाही, कपाटाआड स्टूल टाकून बसलो. थोड्या वेळाने कुलपात किल्ली फिरली. पांडुशेठ. आमच्या वर्गात ते फुकट शिकायचे, घरमालकाचा हक्क म्हणून. ते आले, खुर्चीवर बसले, एका बोटाने माउस हलवत बरोब्बर त्या पट्टीपर्यंत गेले आणि खटका ओढून खाली आणला. सगळ्या वर्षात आमच्या क्लासमधून इतकं पक्कं कोणी काही शिकलं नव्हतं.

मी आडोशातून बाहेर आलो. ते जरासुद्धा दचकले नाहीत. लाइटचं मीटर त्यांचं आणि आमचं एकच होतं.

"मास्तर," उलट मलाच म्हणाले, "खोलीतनं जाताना रेग्युलेटर खाली आणायचा. एवढं साधं शिकवत नाय तुमच्या क्लासात?"

*

पांडुशेठकडून किल्ली घेतली. खटका पूर्णवर राहिला. चौकट तरीही येतच राहिली.

पाडवा जवळ येत होता. इक्बालने मुंबईच्या एका तज्ज्ञाचा नंबर मिळवला. आमच्याकडे फोन नव्हता, एसटीडी बूथ रस्त्यापलीकडे. मग रांग लावली. बूथमध्ये रिसीव्हर घेऊन मी, रस्त्याच्या कडेला इक्बाल, आणि माडीच्या खिडकीत म्हात्रे. तज्ज्ञ मला विचारणार, मी इक्बालला ओरडून सांगणार, इक्बाल म्हात्रेला. म्हात्रे आत पळत जाऊन बघणार आणि उत्तर त्याच वाटेने परत. मीटरचे आकडे पळत होते. तज्ज्ञ मात्र निवांत. मध्येच त्याने कोणालातरी दोन समोसे सांगितले, तेही मी चुकून इक्बालला ओरडून सांगितलं आणि इक्बालने इमानाने पुढे पाठवलं.

तेवढ्यात धाटावची शिफ्टची बस येऊन नेमकी आमच्या मध्ये उभी राहिली. इक्बाल अलीकडे, म्हात्रे पलीकडे, मध्ये कंपनीचा युनिफॉर्म. तज्ज्ञाने त्याच क्षणी मुद्द्याचं सांगितलं. हे कार्ड फक्त कमी रंगांत वेग देतं, पडदा जास्त रंगांवर ठेवलात तर ते कामालाच उभं राहत नाही.

इक्बालने बसच्या अलीकडच्या खिडकीत सांगितलं, अलीकडच्याने पलीकडच्याला, आणि पलीकडून सगळी बस एका सुरात माडीकडे ओरडली, "रंग कमी कर!"

त्या दिवसापासून बसला नाद लागला. रोज आमच्यासमोर आली की वेग कमी व्हायचा आणि खिडकीतून कोणीतरी विचारायचं, "आलं का ॲक्सिलरेशन?"

ड्रायव्हर बापूंच्या ओळखीचा. तो हसत म्हणायचा, "नाय आलं तर ये रे रमेश. तुझी खिडकी ठेवली हाय."

बाकी सगळे हसायचे. म्हात्रे त्या खिडकीकडे बघत नसे.

*

रंग कमी केले आणि चौकट आली नाही. ओके नाही, काही नाही. पडदा काळा झाला, मग उजळला, आणि मूर्ती दिसली. दिसली म्हणजे एक केशरी भोवरा दिसला. गडी इतक्या जोमाने कामाला लागला होता की सोंड, कान, मोदक, उंदीर सगळं एकात एक मिसळून नुसतं घुमत होतं. माझ्या बोलण्यातलं गरागरा एवढं शब्दशः कधी खरं झालं नव्हतं.

पांडुशेठ दारात उभे होते. गिरणीच्या माणसाला फिरण्यातलं कळतं.

"दगड उडेल," एवढं बोलून ते खाली गेले.

म्हात्रेने मग दोन दिवस बसून ते ताळ्यावर आणलं. लायब्ररीला सांगितलं की एका चित्रामागे मूर्ती केसभरच फिरव, जास्त नाही. आता गडी कितीही जोरात चित्रं काढेना, मूर्ती संथ फिरू लागली. असं शांत, भारदस्त फिरणं की मीसुद्धा बोलायचा थांबलो. पीतांबराच्या चुण्या, शेल्याचं टोक, पाठीवरची पन्हळ, सगळं जिथल्या तिथे. त्यासाठी म्हात्रेने नानांच्या कारखान्यात जाऊन कच्च्या मूर्त्यांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले होते, आणि ते काढताना मूर्ती वळवून द्यायला खुद्द नाना उभे होते. फक्त डोळे त्याने स्वतः काढले, सगळ्यात शेवटी, माउसने, श्वास रोखून.

*

पाडव्याला टेम्पोत पेंढा घालून मशीन कारखान्यात नेलं. मॉनिटरवर रुमाल टाकला होता. चौकात दोघातिघांनी आम्हाला बघून सवयीने हात जोडले.

कारखान्यात मधलं टेबल मोकळं केलेलं होतं. चहूकडे फळ्यांवर मूर्त्या, रंगवलेल्या भिंतीला टेकून आणि कच्च्या कुठेही. नाना धुतलेला सदरा घालून बसले होते. बापू त्यांच्या शेजारी, टोपी हातात, आणि तोंडावर असा भाव की जावयाचा गाणं म्हणायचा कार्यक्रम आहे.

म्हात्रेने रुमाल काढला आणि बटण दाबलं. मूर्ती आली. नानांनी नमस्कार केला. मूर्ती फिरू लागली. सोंडेचा वळसा, मग गाल, मग कान. कामगार हातातले ब्रश टाकून जवळ आले. बापू पुढे वाकले. कान मागे गेला, खांदा आला, आणि खांद्यामागून—

"थांबव," नाना म्हणाले.

म्हात्रे गडबडला. मूर्ती संथपणे फिरतच राहिली. नाना उठले, म्हात्रेच्या हातातला रुमाल घेतला आणि मॉनिटरवर टाकला.

"डोळे कुणी काढले?"

"मीच," म्हात्रे म्हणाला.

"बरे काढलेस. मग आता तो देव झाला. देवाची पाठ दाखवतात?"

मी तोंड उघडलं. म्हटलं, "नाना, पाठीचे फोटो काढताना तर तुम्हीच..."

"ती माती होती."

मी भिंतीकडे बघितलं. रंगवलेल्या मूर्त्या भिंतीला टेकून, कच्च्या कुठेही. जन्मापासून हे बघतोय. माझ्या घरात, म्हात्रेच्या घरात, दर वर्षी गणपती भिंतीला पाठ लावूनच बसतो. पाठ बघू नये, दारिद्र्य येतं, हे मला आजीने, आईने, बायकोने सांगितलंय. आणि तीन महिने आम्ही दोघं पेणकर जीव टाकून कशाच्या मागे लागलो होतो, तर तीच पाठ लवकर यावी म्हणून!

इक्बाल माझ्या कानाशी म्हणाला, "मला माहीत होतं, भाऊ. मला वाटलं, कॉम्प्युटरमध्ये चालत असेल."

नाना म्हणाले, "अशी सीडी माझ्या नावाने जायची नाय."

बापूंनी टोपी डोक्यावर घातली. पोरावर आवाज चढवला नाही की काही नाही. "चल रमेश. उद्या बस लवकर येते."

म्हात्रे जागचा हलला नाही. रुमालाखाली मूर्ती फिरत असणार, तो तिकडेच बघत होता. मग त्याने मशीन बंद केलं आणि इक्बालला म्हणाला, "कार्ड काढ."

"काय?"

"काढ."

ज्यासाठी चाचीला फसवलं, पांडुशेठवर पाळत ठेवली, अख्खी बस कामाला लावली, ते कार्ड इक्बालने स्क्रू फिरवून बाहेर काढलं आणि एका मातीच्या उंदराच्या पाठीवर ठेवलं. म्हात्रेने रुमाल काढून मशीन पुन्हा चालू केलं. आधी, अर्थात, चौकट.

बापू दारापर्यंत गेले होते, ते परत आले. "काय लिवलंय?"

"गडी नाय म्हणतोय," म्हात्रे म्हणाला. "एकट्यालाच ओढायला लागेल, म्हणतोय."

"नाय तर नाय," म्हणत बापूंनी मिठाने भेगाळलेलं बोट पुढे केलं. म्हात्रेने त्यांना माउस दाखवला. त्यांनी ओके दाबलं.

मूर्ती समोर तोंड करून उभी राहिली. आम्ही सगळे बघत राहिलो. बराच वेळ गेला. एका कामगाराने ब्रश धुतला. कुणीतरी चहा सांगितला, तो आला, पिऊन झाला. नाना चष्मा पुसून अगदी जवळ गेले.

"फिरतेय?"

"फिरतेय," म्हात्रे म्हणाला. "केसाकेसाने."

"आणि पाठ?"

म्हात्रेने मनातल्या मनात काही हिशेब केला.

"नाना, आज बसवलात तर विसर्जनापर्यंत नाय येत."

नाना पुन्हा खुर्चीत बसले. मूर्तीकडे बघत म्हणाले, "मग सगळ्या अशाच कर. फळीवरच्या सगळ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लासात पोचलो. रात्रभर तिथेच काम करत बसलेला म्हात्रे खिडकीत दात घासत उभा होता. धाटावची बस आली आणि आमच्यासमोर सावकाश झाली. मधल्या खिडकीत कोणीतरी नवीनच माणूस डबा मांडीवर घेऊन बसला होता.

"काय रे रमेश," ड्रायव्हरने मान बाहेर काढली, "आलं का ॲक्सिलरेशन?"

म्हात्रेने खाली थुंकून तोंड पुसलं.

"आलं होतं. काढून टाकलं."